फोटोत काहीच नव्हतं

आमच्याकडे एक्स-रे असो, सीटी असो नाहीतर एमआरआय, सगळ्याला फोटोच म्हणतात. माणूस आजारी पडला की भेटायला येणारा पहिलं हेच विचारतो, "फोटो काढला का? का निघाला फोटोत?" माझ्या पहिल्या फोटोत काहीच निघालं नव्हतं. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, "नॉर्मल आहे" म्हणाले, आणि घरच्यांचे चेहरे एकदम सैल झाले. मी तेव्हा स्वतःची थुंकीसुद्धा गिळू शकत नव्हते.

आता आवाज फार वेळ टिकत नाही. थोडं बोललं की खरखर वाढते आणि समोरचा "काय?" म्हणून जवळ सरकतो. म्हणून लिहितेय. कोणाच्या घरी असा चांगला रिपोर्ट हातात घेऊन एखादं माणूस खाटेवर पडलं असेल, तर त्या घरासाठी.

माझं नाव वर्षा. भंडारा जिल्ह्यात सानगडीला राहते, घरीच ब्लाऊज शिवते. नवरा देवानंद, त्यांचं खत-बियाण्यांचं छोटं दुकान आहे आणि थोडी धानाची शेती. मुलगी श्रुती नववीत. आणि सासूबाई, सुभद्राबाई. देवानंद त्यांना माय म्हणतात, मी आई म्हणते. गावातही त्यांना बरेच जण मायच म्हणतात, कारण कोणाचा पाय मुरगळला, कंबर धरली, मान अवघडली की लोक आमच्याच ओसरीवर येतात. यायचे.

मान

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, नाटकं होतात, आणि प्रत्येकीला नवं ब्लाऊज मंडईच्या आधीच हवं असतं. त्या वर्षी मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मशीनवर वाकलेली असायची. एके दिवशी उठले तर मान उजवीकडे वळेना.

सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अशी काहून बसली वाकडी? इकडे ये. तेल कोमट करतो."

त्यांनी मला पाटावर बसवलं. तिळाच्या तेलानं मान, खांदे हळूहळू रगडले. इतकं बरं वाटत होतं की मी डोळे मिटले. मग त्यांनी एक तळवा माझ्या हनुवटीखाली घेतला, दुसरा डोक्यामागे, मला म्हणाल्या, "अंग ढिला सोड," आणि एका झटक्यात मान फिरवली. कट्ट असा आवाज आला.

"झाला का मोकळा?"

"झाला," मी म्हटलं. खरंच झाली होती मोकळी. मी मान दोन्ही बाजूंना फिरवून दाखवली आणि दोघी हसलो.

दुसऱ्या दिवसापासून डाव्या कानाच्या मागे दुखायला लागलं. हे दुखणं वेगळं होतं. खोलवर, एकाच जागी, आतून कोणी दाभण टोचून ठेवल्यासारखं. डोकेदुखीची गोळी घेतली, मफलर बांधला आणि शिवायला बसले. मंडई तोंडावर होती.

पडले तो दिवस

दुपारची वेळ होती. श्रुती शाळेतून येऊन जेवत होती. मी बाही जोडत होते आणि कापडावरची फुलं डावीकडे सरकायला लागली. मला वाटलं कापड निसटतंय, म्हणून हातानं दाबलं. मग मशीन सरकली, भिंत सरकली, आणि मी स्टुलावरून डावीकडे पडले. कोणीतरी दोरी बांधून ओढावं तशी.

उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. श्रुती ओरडत होती, "आई, का झाला? आजी, लवकर ये!" मी तिला सांगायला गेले की घाबरू नको, तर माझ्याच तोंडून कोणा म्हाताऱ्या माणसासारखा घोगरा आवाज आला. ती मागे सरकली. माझी मुलगी माझा आवाज ऐकून मागे सरकली, हे मला त्या चक्करेतही कळलं.

त्यातच उचकी लागली. साधी उचकी. पाणी प्यायला गेले तर पाणी नाकातून बाहेर आलं.

तालुक्याच्या दवाखान्यात चक्करेचं आणि उलटीचं इंजेक्शन दिलं. थोडी झोप लागली, उठले तर सगळं तसंच. दुसऱ्या दिवशी देवानंदांनी भंडाऱ्याला नेलं. तिथे डोक्याचं सीटी स्कॅन झालं. तोच तो नॉर्मल फोटो. कानाच्या आतल्या तोलाचा त्रास असेल, अशक्तपणा असेल, टेन्शन घेऊ नका, असं सांगून गोळ्या दिल्या. गोळ्या गिळायच्या कशा, हे मी विचारलं, पण माझा आवाज कोणाला समजला नाही.

मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातला असा आघात सुरुवातीच्या सीटीत पुष्कळदा दिसतच नाही, हे मला फार नंतर कळलं. त्या डॉक्टरांनी खोटं सांगितलं नव्हतं. फोटोत खरंच काही नव्हतं. मी मात्र त्या दिवशी असं समजले की जे मला होतंय ते जगात कुठल्याच यंत्राला दिसत नाही, आणि म्हणून कोणी ते खरं मानणार नाही.

उलटंसुलटं

घरी आणल्यावर जे झालं ते सांगणं कठीण आहे.

माझी डावी पापणी खाली आली होती. चेहऱ्याची डावी बाजू बधिर, म्हणजे दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर होते तशी. पण अंगाची उजवी बाजू वेगळीच. सासूबाईंनी चहाचा गरम पेला उजव्या हातात दिला, मी धरला, आणि मला तो गरम लागेना. डाव्या हातात घेतला तर चटका बसला. मी देवानंदांना सांगितलं, "तोंड डावीकडून मेलं, अंग उजवीकडून."

ते म्हणाले, "वर्षा, असा कसा होईल? एक तर डावा जाईल नाही तर उजवा."

"मला होतंय ना."

"डॉक्टर म्हणते काही नाही. तू मनावर घेऊन राहिली."

ते वाईट माणूस नाहीत. दोन दवाखाने करून आले होते, हातात रिपोर्ट होता, आणि बायको उलटंसुलटं सांगत होती. शेजारची बाई बघायला आली, तिनं माझी पापणी पाहिली, घोगरा आवाज ऐकला आणि बाहेर जाऊन हळूच म्हणाली, "हे बाहेरचा हाय. कोण्या मांत्रिकाले दाखवा." मला ते ऐकू आलं. वाईट याचं वाटलं की क्षणभर मलाही ते पटलं. मला वाटलं, असेलही. दुसरं काय असणार?

तोंडात थुंकी साठायची, ती फडक्यात टाकायची. झोपलं की ती घशात उतरायची आणि ठसका लागून जीव कासावीस व्हायचा. म्हणून बसूनच राहायचं. बसलं की डावीकडे कलंडायचं. त्यात उचकी, अख्खं शरीर हलवणारी. मी श्रुतीला खोलीत येऊ देणं बंद केलं. तिनं मला असं पाहू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर ती पुन्हा मागे सरकेल या भीतीनं.

सासूबाई माझ्या पाठीशी बसून मला टेकू द्यायच्या. त्यांनी चमच्यानं पेज पाजायचा प्रयत्न केला. पेज नाकातून आली, मी निळी पडले. त्यांनी पाठीवर थापट्या मारल्या, मग वाटी बाजूला ठेवली आणि ओसरीवर जाऊन ओरडल्या, "देवा, गाडी बोलाव! घोटभर पाणी उतरत नाही तिच्या गळ्याखाली. तो फोटो चुलीत घाल. तिले नागपूरले ने."

देवानंद म्हणाले, "उद्या पाहू, माय."

"उद्या नाही. आत्ता."

हे मी मुद्दाम लिहितेय. पुढचं वाचताना हेही लक्षात राहावं.

नागपूर

महामार्गावरून गाडी जात होती. मी मागच्या सीटवर सासूबाईंच्या अंगावर टेकून बसले होते. पुढे शहापूर लागलं, जवाहरनगरकडे वळणाऱ्या फॅक्टरीच्या बसेस दिसल्या, डबे घेऊन कामावर जाणारे लोक खिडकीतून दिसत होते. मला त्या प्रत्येक माणसाचा हेवा वाटला. ते थुंकी गिळत होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

मोठ्या दवाखान्यातल्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण आली. रात्रभर न झोपल्यासारखा चेहरा होता तिचा. तिनं मला विचारलं काय होतंय, मी सांगितलं, देवानंदांनी मध्येच "मॅडम, हे जरा उलटंसुलटं सांगते" असं म्हटलं. तिनं हातानं त्यांना थांबवलं. एक थंड स्टीलचा तुकडा आधी माझ्या डाव्या गालाला लावला, मग उजव्या. मग उजव्या पायाला, मग डाव्या.

"थंड कुठे लागतंय?"

"गालाला उजवीकडे. पायाला डावीकडे."

ती थांबली. पुन्हा लावून पाहिलं. मग म्हणाली, "उलटं आहे ना? म्हणजे बरोबर सांगताय तुम्ही."

मी रडायला लागले. तिला वाटलं घाबरले. मी घाबरून रडत नव्हते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं होतं की मी बरोबर सांगतेय.

यंत्रात

एमआरआयसाठी अजिबात हलायचं नसतं. उताणं, डोकं एका पिंजऱ्यात, आणि आवाज असा की जणू पत्र्याच्या छपरावर कोणी हातोडे मारतंय. निरोगी माणसालाही ते नको वाटतं. माझ्या तर घशात थुंकी साठत होती, आणि काही क्षणांनी उचकी यायची आणि सगळं शरीर उडायचं.

हातात एक रबरी फुगा दिला होता. त्रास झाला तर दाबा म्हणाले. मी लगेच दाबला. बाहेर काढलं, मी कुशीवर होऊन थुंकले, खोकले. पुन्हा आत. पुन्हा दाबला.

"ताई, फोटो हलून राहिला," यंत्र चालवणारे म्हणाले. "काहीच दिसत नाही."

झोपेचं इंजेक्शन देता का, असं देवानंदांनी विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, देता येणार नाही, घसा काम करत नाही, झोपेत श्वासात पाणी गेलं तर संपलं. मला ते ऐकू आलं. संपलं, हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला.

मग त्यांनी असं ठरवलं की सगळ्यात लहान फोटो आधी घ्यायचा. नळीनं माझा घसा साफ केला, डॉक्टरीण म्हणाली, "मी इथेच पायापाशी उभी आहे. एवढा एकच. उचकी आली की श्वास धरायचा." मी आत गेले. उचकी यायच्या आधी छातीत आकडा घालून ओढल्यासारखं होतं, ते ओळखून मी श्वास धरायची. घसा भरत होता. ठोके सुरू होते. माझ्या पायाच्या अंगठ्याला तिचा हात लागलेला होता, डाव्या पायाच्या, तेवढाच मला कळत होता. मी मरतेय, असं मी तेव्हा अगदी शांतपणे समजून घेतलं. श्रुतीच्या शाळेच्या ड्रेसची बटणं लावायची राहिली आहेत, एवढंच डोक्यात आलं.

बाहेर काढलं तेव्हा ती काचेपलीकडच्या खोलीत धावत गेली होती. परत आली आणि म्हणाली, "दिसलं."

कोणी काही केलं होतं का

दुपारनंतर मानेच्या रक्तवाहिन्यांचेही फोटो झाले, तसेच तुकड्या-तुकड्यानं. मग मोठे डॉक्टर आले. खाटेभोवती देवानंद, सासूबाई आणि पवनीहून आलेला माझा धाकटा भाऊ राजू उभे होते. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मेंदूच्या देठापाशी डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका, चण्याच्या डाळीएवढा. तिथलं रक्त थांबलं होतं. आणि मानेतल्या नसेच्या भिंतीत एक पांढरी कोर, द्वितीयेच्या चंद्रासारखी.

"ही मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी आहे," ते म्हणाले. "तिचं आतलं अस्तर फाटलंय. अस्तरात रक्त शिरलं, वाट बंद झाली, म्हणून हा झटका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मानेला काही झालं होतं का? पडलात? गाडीवरून गचका? कोणी मान फिरवली, मालिश केली?"

मला ताबडतोब कळलं. तो कट्ट आवाज मला त्या खोलीत परत ऐकू आला. सासूबाई माझ्या पायाशी उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून.

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. प्रेमानं म्हटलं असं लोक धरून चालतात. मला वाटतं सवयीनं म्हटलं. घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, ही सवय.

"झूट बोलते ते," सासूबाई म्हणाल्या. "मी मोडली तिची मान."

डॉक्टरांना कळलं नाही. "मोडली म्हणजे?"

सासूबाईंनी हात वर केले. एक तळवा हवेत हनुवटीखाली धरल्यासारखा, दुसरा डोक्यामागे. आणि झटका दिला. मधे काहीच नव्हतं, पण सगळ्यांना माझं डोकं दिसलं असणार. देवानंदांनी तोंड फिरवलं.

डॉक्टर म्हणाले, असं होणं विरळ असतं, कधी काही न करताही होतं, आधीच नस कच्ची असू शकते, नक्की कोणी सांगू शकत नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. पण सासूबाईंचे हात तसेच हवेत होते. डॉक्टरिणीनं ते धरून खाली केले.

व्हरांड्यातला राजूचा आवाज मला आत ऐकू येत होता. "माझ्या बहिणीले मारून टाकत होती हे! मी ताईले आता पवनीले नेतो. तुमच्या घरी नाही पाठवत."

"राजू, माय हाय ते माही," देवानंद म्हणाले. मग त्यांचाच आवाज, मी कधी न ऐकलेला, "माय, तू जाय घरी. इथं थांबू नको."

त्या एकट्या बसनं सानगडीला गेल्या. त्या आधी कधीच एकट्या बसनं कुठे गेल्या नव्हत्या.

वॉर्ड

नाकातून पोटापर्यंत नळी घातली. त्यातून पेज, दूध, गोळ्यांची पूड. रक्त पातळ राहण्याची औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले की गिळणं परत येईल, बहुतेकांचं येतं, पण किती दिवसांत ते सांगता येत नाही. "बहुतेकांचं" हा शब्द मी दिवसभर चघळायचे. चघळायला दुसरं काही नव्हतंच.

महिला वॉर्डात सोबतीला बाईमाणूसच लागतं. माझी आई आता नाही. राजूची बायको दिवस भरत आलेली. शेजारीण एक दिवस थांबली, तिला माझी थुंकी पाहून मळमळायला लागलं. शेवटी देवानंद गावाला गेले आणि सासूबाईंना घेऊन आले. बसमध्ये दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, हे सासूबाईंनीच मला सांगितलं.

तर ज्या हातांनी हे झालं त्याच हातांनी मला नळीतून पेज मिळू लागली. सिस्टरनं त्यांना शिकवलं. नळी वर धरायची, हळूहळू ओतायचं, नंतर पाणी सोडायचं. त्या फार काळजीनं करायच्या. पेज दोनदा गाळायच्या. त्यांचा हात माझ्या मानेजवळ आला की मी आक्रसून जायचे. त्यांच्या ते लक्षात आलं, मग त्या हात लांब ठेवून, वाकून ओतायला लागल्या. त्यांची कंबर दुखत असेल. मला तेव्हा त्याची पर्वा नव्हती.

लोकांना वाटतं, जीव वाचला की माणूस उपकार मानतो. मी नाही मानले. मला राग होता, आणि तो टेकवायला जागा नव्हती, कारण समोरची बाई आधीच खाली मान घालून बसलेली. उचकीनं झोप नव्हती. समोरच्या खाटेवरची बाई चहात टोस्ट बुडवून खायची, तो वास. एके सकाळी मी नळी ओढून काढली. रक्त आलं, सिस्टर रागावली, पुन्हा घालताना मी गुदमरले. सगळं शांत झाल्यावर सासूबाई चादर पुसत होत्या. मी त्यांना म्हटलं, त्या घोगऱ्या आवाजात, अक्षर अक्षर जोडत, "पूर्णच मोडायची होती ना मान. अर्धी कायले सोडली?"

त्यांनी चादर पुसली. वाटी धुऊन आणली. पेज गाळली. मग म्हणाल्या, "आता थोडा घे."

मी घेतलं. पोटाला काय कळतं.

दिलासा अगदी छोट्या गोष्टींचा होता. उचकीवर एक औषध लागू पडलं आणि एका दुपारी ती थांबली. थांबल्यावर किती वेळ मला कळेचना की आवाज कशाचा गेला. मग झोप आली, खरी झोप. ती तरुण डॉक्टरीण ड्युटी संपल्यावरही डोकावून जायची आणि रोज विचारायची, "आज उलटं की सुलटं?" एकदा श्रुती आली. मी पदरानं तोंड झाकलं. तिनं पदर बाजूला केला, नळी पाहिली, आणि तिच्या वर्गातल्या कोण्या मुलीनं कोणाला काय म्हटलं ते सांगायला लागली, थांबेचना. ती घाबरलेली होती म्हणूनच इतकं बोलत होती. पण मागे सरकली नाही.

गिळायला शिकवायला एक बाई यायच्या. हनुवटी खाली, श्वास धरा, गिळा, खोका. सुरुवातीला नुसती थुंकी. मग घट्ट दही, चमच्याच्या टोकावर. कितीदा ते परत आलं. एके दिवशी परत आलं नाही. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत, त्या बाईंनी फक्त "पुन्हा" म्हटलं, आणि पुन्हाचं मात्र नाकातून आलं. असंच पुढेमागे होत नळी निघाली.

घरी

राजूला वाटत होतं मी पवनीला यावं. मी सानगडीलाच आले. श्रुतीची शाळा होती, माझं मशीन होतं. मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात.

घर बदललं होतं. देवानंद आईशी कामापुरतं बोलत. ओसरीवर कोणी लंगडत आलं तर सासूबाई दार लोटून घेत. लोक बाहेरून हाका मारत, "माय, जरा पाहून दे ना वो," आणि त्या आतून कडी घालत. एकदा मीच बाहेर जाऊन सांगितलं की दवाखान्यात जा, पाय मोडला असेल तर फोटो काढावा लागेल. तो माणूस माझ्यावरच चिडला. मायच्या हाताचा इतक्या वर्षांचा गुण तुमच्यामुळे गेला, असं त्याचं म्हणणं.

उजव्या हाताला अजून गरम कळत नाही. इस्त्री करताना बोट भाजलं ते मला वासानं कळलं. आता इस्त्री डाव्या हातानं करते, अंघोळीचं पाणी डाव्या हातानं पाहते. चालताना डावीकडे झुकते. थकले की पापणी पडते. गाणं म्हणायची मी, ते गेलं.

कोणी विचारतं, मग काय करायचं? मला डॉक्टरी येत नाही. एवढंच सांगते. चक्कर येऊन माणूस एका बाजूला पडत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर पहिला फोटो चांगला आला म्हणून घरी बसू नका, मोठ्या ठिकाणी न्या. त्याआधी मानेला झटका बसला असेल तर न विचारताच डॉक्टरांना सांगा, कोणाचाही हात असो. मी "नाही" म्हटलं होतं. आणि माणूस वेड्यासारखं काही सांगत असेल, तर ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.

दुसरा फोटो

उन्हाळ्याच्या तोंडावर, मोहफुलं पडायच्या दिवसांत मानेच्या नसांचा पुन्हा फोटो काढायला बोलावलं. या वेळी सीटीत, हातातून औषध सोडून. नस तशीच बंद असेल, किंवा दुसरी फाटली असेल, असं काहीही वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी येतो." देवानंदांनी नाही म्हटलं. त्या आधीच जाऊन गाडीत बसल्या होत्या.

ते औषध सोडलं की अंगातून एक गरम लाट जाते, सगळ्यांच्याच. माझ्या अर्ध्या अंगातून गेली. अर्धं अंग गार. त्या यंत्रात पडून मी त्या लाटेची कड मोजत होते, छातीच्या बरोबर मधोमध.

मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. जुन्यात नस बारीक होत होत संपत होती, उंदराच्या शेपटीसारखी. नव्यात ती सरळ वर गेली होती, थोडी अरुंद, पण वर.

"उघडली आहे," ते म्हणाले. "औषध चालू ठेवा. मेंदूतला डाग मात्र राहील. आवाज, गरम-थंड, जे आता आहे त्यात थोडा फरक पडेल, फार नाही." मग म्हणाले, "आणि मान कोणाच्या हातात देऊ नका."

देवानंदांनी हुश्श केलं. मी काहीच केलं नाही. उघडली हे ऐकलं, आणि फार नाही हेही ऐकलं, आणि दोन्ही एकदम आत गेलं.

सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, टेबलाजवळ, आणि डॉक्टरांना हात जोडून म्हणाल्या, "मंग साहेब, मले माफी भेटली का?"

डॉक्टरांना त्या आठवतच नव्हत्या. इतके पेशंट, इतक्या म्हाताऱ्या. ते गोंधळले. "कसली माफी, आजी?"

देवानंद जमिनीकडे पाहू लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी समजावून सांगेन म्हणून. सासूबाईंनी नाही पाहिलं. त्यांची नजर त्या पडद्यावरच्या नसेवर होती, जणू उत्तर तिथून येणार होतं.

हो म्हणायला हवं, हे मला कळत होतं. तो शब्द तोंडापर्यंत आलाही. पण माझ्या घशातून आता प्रत्येक गोष्ट जपून जाते, आणि जी खरी नाही ती जात नाही.

मी त्यांची पिशवी खुर्चीवरून उचलली.

"घरी चला, आई," मी म्हटलं. "श्रुती शाळेतून येईल."

त्या माझ्या मागून निघाल्या. अजून तरी आमचं एवढंच बोलून झालंय.